दहा आणि अकराच्या मधला माणूस

रोह्यात नदीकाठी सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी मिळून जो नवा ट्रॅक झालाय, त्यावर दहाव्या खुणेपर्यंत माणसांनी नदीच्या बाजूनं चालायचं असतं आणि अकराव्या खुणेपासून डांबरी रस्त्याच्या बाजूनं. सायकलींचं बरोबर उलट. म्हणजे दहा आणि अकराच्या मध्ये सगळ्यांनी एकमेकांना ओलांडून बाजू बदलायची. यामागे वाहतुकीचं काहीतरी शास्त्र असणार, असं समजून रोह्याची माणसं पहिले चार दिवस मुकाट्यानं बाजू बदलत होती. शास्त्र वगैरे काही नाही. यामागे मी आहे.

डिप्लोमा करून मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागलो. राहतो पेणला, साइट रोह्याला. ट्रॅक तयार झाला, मधली पांढरी रेघ झाली, आता फक्त खुणा रंगवायच्या होत्या. दर चाळीस मीटरवर एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला सायकल, अशा वीस खुणा. कुठे काय काढायचं ते आधी खडूनं लिहून ठेवायचं काम माझं. पहिल्या सकाळी मी पुलाच्या टोकाकडून सुरुवात केली. नदी उजव्या हाताला होती, नकाशात माणसं नदीच्या बाजूला होती, म्हणून मनाशी पक्कं केलं : उजवीकडे माणूस, डावीकडे सायकल. दहा खुणा झाल्या. दुसऱ्या सकाळी मी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे बागेकडून सुरुवात केली, कारण त्या टोकाला चहा चांगला मिळतो. पाठ केलेलं तेच होतं : उजवीकडे माणूस, डावीकडे सायकल. फक्त नदी आता डावीकडे आली होती. नदी काही बोलली नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही.

आता रंगवणार कोण? रस्त्यावर पट्टे मारणारं मशीन ट्रॅकच्या तोंडाशी लावलेल्या खांबांतून आत शिरेना. हातानं पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्स आल्यापासून एकतर आखातात गेले किंवा रिक्षा चालवतात. तेव्हा आईनं विमलबाईचं नाव सुचवलं.

विमलबाई पेणजवळच्या जोह्याची. जोह्यात घराआड घर गणपतीचा कारखाना, आणि मोरूशेठच्या कारखान्यात आखणी विमलबाईची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी रंग कोणीही देतं, माझ्या आईनंही लग्नाआधी तिच्या शेजारी बसून दोन वर्षं सोंडा रंगवल्या आहेत. डोळे मात्र एका कारखान्यात एकाच हाताचे. उंची साडेचार फुटांच्या आसपास, चष्मा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कमरेला. आखणीच्या दिवशी ती सकाळचा चहा घेत नाही; हाताला चहाची घाई लागते म्हणते. डोळे नसलेल्या मूर्तींना ती 'झोपलेले' म्हणते. "आज साठ झोपलेले हायत, उठवायचे हायत," असं म्हणून बसली की पुढचे चार तास तिच्याशी मोरूशेठही बोलत नाही. आणि मोरूशेठ गिऱ्हाइकाला, बायकोला आणि पावसाला, तिघांनाही न विचारता बोलणारा माणूस आहे.

दिवाळी होऊन गेली होती, माघी गणपतींचं काम अजून डोळ्यांपर्यंत आलं नव्हतं, म्हणून ती मोकळी होती. सकाळच्या एस.टी.नं पेणला आणि तिथून गाडीनं रोह्याला आली. ट्रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून म्हणाली, "मूर्ती आडव्याच हायत म्हणायच्या."

कामाला लागली ती कारखान्याच्या पद्धतीनं. कारखान्यात एक मूर्ती घेऊन ती पूर्ण करत नाहीत. एक रंग घेतात आणि तो शंभर मूर्तींना देऊन येतात, मग दुसरा. विमलबाईनं पहिल्या दिवशी वीसच्या वीस खुणांवर फक्त गोल काढले. एक गोल माणसाच्या डोक्याचा, दोन गोल सायकलच्या चाकांचे. साठ गोल काढून हात धुतले आणि पाच वाजताच्या गाडीनं घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोह्यातली पोरं त्या गोलांवरून लंगडी घालत होती. ट्रॅकसमोर फरझानाबी राहतात. शिवणाचे क्लास घेतात, नवरा मस्कतला असतो, आणि रोज सकाळी त्या बुरखा सावरत चार फेऱ्या मारतात. त्यांनी मला थांबवलं.

"ओ इंजिनिअर, हे गोल कशाला? कोरोना परत आला काय?"

"नाही हो. हे डोकं आहे आणि ही चाकं."

"मग बाकीचा माणूस कुठंय?"

"उद्या येणार आहे."

"तुमच्या ठेकेदारासारखाच म्हणायचा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पण त्या गोलांच्याच दिवशी, अकराव्या खुणेपाशी, विमलबाईनं ब्रश खाली ठेवून मला हाक मारली होती. मी फोनवर होतो.

"इंजिनेर, इकडं बग जरा. इथपतूर माणसं नदीकडनं आली. आता इथनं म्होरं सायकली नदीकडं. असाच हाय काय?"

मी खडूच्या अक्षरांकडे बघितलं. अक्षर माझंच होतं, सुवाच्य होतं. फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "मावशी, मी लिहिलंय ना? मग त्यावर ब्रश फिरवायचा. विचार करायला आम्ही आहोत."

तिनं ब्रश उचलला. मग "व्हय," म्हणाली आणि अकराव्या खुणेवर गोल काढायला बसली.

हे वाक्य मी का लिहून ठेवतोय, तर नंतर ते मला बऱ्याच वेळा आठवलं म्हणून.

तिसऱ्या दिवशी माणसांना हातपाय आणि सायकलींना दांडे आले. फीत कापली गेली, फोटो निघाले, ठेकेदारशेठनी ते वर पाठवले. आणि मग लोक चालू लागले. दहाव्या खुणेपर्यंत सगळं शिस्तीत. पुढे एक गृहस्थ आपल्या बाजूनं चालता चालता सायकलच्या चित्रावर येऊन उभे राहिले आणि खाली बघून मागे वळले, जसं काही दुसऱ्याच्या घरात शिरले. मागून आलेला सायकलवाला घंटी वाजवत त्यांच्या बाजूला आला, ते त्याच्या बाजूला गेले, दोघं पुन्हा आमनेसामने. पाचव्या दिवशी फरझानाबींनी भर ट्रॅकवर मला विचारलं, "मी आता कोण? मघाशी माणूस होते, इथून पुढे सायकल झाले. घंटी आणू काय घरून?"

त्याच दुपारी शेठ जीपमधून आले. विठू ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून दाढेतली सुपारी शोधत होता. शेठनी खिडकीतूनच विचारलं, "हे उलटंपालटं कोणी केलं?"

मला खरं सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. बाहेर आलं ते असं, "पेंटरबाईंचं वय झालंय हो..."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. तिचं वय झालेलंच आहे. पुढचं वाक्य मी बोललोच नाही, ते शेठनी आपल्या मनानं पुरं केलं. "मी दुरुस्त करून घेतो," म्हणालो, तर म्हणाले, "आता हात लावू नकोस. फोटो वर गेलेत. पुढच्या वर्षी रंग काढू तेव्हा बघू." जीप गेली. मी सुटलो असं मला वाटलं.

पण विठू जोह्याचा.

माझं अर्धं वाक्य त्याच्याबरोबर जीपमधून रोह्याहून निघालं. जोह्याला पोचेपर्यंत ते चांगलं धडधाकट झालं होतं : विमलबाईला आता डावं-उजवं दिसत नाय. शेजारच्या हमरापूरला गेलं तेव्हा मोतीबिंदू पिकला होता. आठवडा झाला आणि संध्याकाळी पेणला आई भाकरी थापता थापता म्हणाली, "ऐकलंस? विमलच्या हातातनं आखणी काढली मोरूशेठनं. माघीचे शंभर गणपती त्याच्या पुतणीकडे दिले, मृणालीकडे. नजर गेली म्हणतात. तुझ्याच ट्रॅकवर काहीतरी चुकलं म्हणे तिचं?"

मी म्हणालो, "भाकरी करपतेय."

"करपत नाय. तुझं तोंड का असं झालं?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जोह्याला गेलो. कारखान्यात माघीच्या मूर्ती ओळीनं बसल्या होत्या, पितांबर चढलेल्या, डोळे नसलेल्या. पलीकडे मृणाली एका मूर्तीसमोर ब्रश धरून बसली होती आणि घाम पुसत होती. ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा पास झालेली, हात चांगला. पण तिनं उठवलेले पाच-सहा गणपती बाजूला होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी जोरात दार आपटल्याचा भाव होता.

विमलबाई कोपऱ्यात उंदीर रंगवत होती. शंभर उंदीर, करडा रंग. उंदरांचे डोळेसुद्धा तिच्याकडे ठेवले नव्हते.

"ये इंजिनेर, बस. उंदरांना हात लावू नको, ओले हायत."

मी उकिडवा बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पुलाचं टोक, बागेचं टोक, चहा, खडू, जीप, अर्धं वाक्य. ती ऐकत होती आणि उंदरांच्या पाठी रंगवत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "हे माझ्या कानात सांगून काय? मी तिथंच व्हते."

"मग काय करू?"

"ज्याला ठाव नाय त्याला सांग. आणि जरा मोठ्यानं. जीपपाशी बोललास तेवढ्या तरी."

जीपपाशी मी फार मोठ्यानं बोललो नव्हतो, पण हा मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. मोरूशेठ दाराशी फोनवर कुणाला तरी मूर्ती कशी गुंडाळायची ते शिकवत होते. त्यांचं झाल्यावर मी कारखान्याच्या मध्ये उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नकाशाही दाखवला. कारखान्यातले ब्रश थांबले.

मोरूशेठ म्हणाले, "आईनं पाठवलं ना तुला?"

"नाही हो."

"तुझी आई आणि ही एका पाटावर बसलेल्या. मला माहीत नाय काय? खडू तू मारलास, मान्य. मग हिला दिसलं नाय, समोर नदी उलटीकडं गेली ती?"

विमलबाई कोपऱ्यातून बोलली, "दिसला. इचारला पन."

"मग केलंस कशाला?"

"मालक सांगतो ते करायचं. गेल्या साली तू जांभळा पितांबर सांगितलास, केला ना मी? बोलले काय कुणाला?"

कारखान्यात हसू फुटलं. जांभळ्या पितांबराचा विषय जोह्यात अजून निघतो. मोरूशेठही हसले, पण लगेच गंभीर झाले. "हसायचं नाय यात. माझ्याकडं गिऱ्हाईक डोळ्यांसाठी येतो. खोपोलीच्या मंडळाचा फोन आला, 'तुमच्या बाईला दिसत नाय म्हणतात.' आता मी त्याला काय दाखवू? ह्या पोराचा खडू?"

खरं होतं त्यांचं. मी बोललेलं अर्धं वाक्य मागं घ्यायला माझंच दुसरं वाक्य पुरणार नव्हतं.

विमलबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "आईतवारी रोह्याला चल," ती मोरूशेठना म्हणाली. "पोरीलाही घे. इंजिनेर, पांढरा आणि काळा रंग तेवढा ठेव."

"मावशी, ठेकेदारशेठनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

"तू नको लावू. विचार कर. विचार करायला तुमी हाव ना?"

रविवारी सकाळी सातला तिघं गाडीतून उतरली. ट्रॅकवर रविवारची गर्दी होती. दहा आणि अकराच्या मध्ये पोचल्यावर मला वाटलं विमलबाई लगेच सुरुवात करील. तिनं गोणपाट अंथरला, बाजूला बसली आणि अर्धा तास नुसती बघत राहिली. मोरूशेठनी दोनदा घड्याळ बघितलं. मी खडू पुढे केला.

"खडू नको. खडूनं काय होतं ते बघितलं."

"मग काय बघताय?"

"माणसं काय करतात ते. तू बघितलास काय कधी?"

मी बघितलं. सायकलवाले तिथे येत, समोर चालणारे दिसत, कुणी घंटी वाजवी, कुणी वैतागे. पण शेवटी बहुतेक जण पाय टेकवत, उतरत, सायकल हातात धरून पलीकडे जात आणि पुन्हा बसत. पंधरा दिवस मी त्या ट्रॅकवर उभा होतो आणि नकाशा बघत होतो.

फरझानाबींनी समोरून पाण्याचा तांब्या आणला. विमलबाई पाणी प्यायली, चहाला नको म्हणाली, आणि उठून ट्रॅकच्या बरोबर मध्ये, पांढऱ्या रेघेवरच बसली. आधी गोल. तीन. या वेळी तिन्ही एकाच ठिकाणी. मग दांडे, हात, पाय. तास-दीड तासात तिथे एक माणूस उभा राहिला. सायकलवरून उतरलेला, हँडल हातात धरून पलीकडे निघालेला, पुरुषभर उंचीचा. जाणारे-येणारे कडेनं थांबले होते.

वीस खुणांवरच्या सगळ्या माणसांची डोकी म्हणजे नुसते पांढरे गोल. मला वाटलं हाही तसाच राहणार. पण विमलबाईनं कमरेची पिशवी सोडली, चष्मा काढून पदरानं पुसला, घातला, आणि पिशवीतून बांबूची एक नळी काढली. नळीतून ब्रश निघाला. खारीच्या केसांचा, अगदी बारीक. आखणीचा.

"विमल, तो नको," मोरूशेठ पहिल्यांदाच हळू बोलले. "सिमेंट आहे ते. वाट लागेल त्याची."

तिनं ऐकलं नाही, किंवा ऐकलं. श्वास घेतला आणि धरला. डावा डोळा. सोडला. पुन्हा धरला. उजवा. मग बुबुळं. खरखरीत सिमेंटवर एक टोक अडकलं नाही, एक रेघ हलली नाही. एक सायकलवाला मागून घंटी वाजवायला गेला, तेव्हा फरझानाबींनी त्याच्या घंटीवर हातच ठेवला.

मोरूशेठ पुलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मग बागेच्या बाजूला. मग नदीकडून, मग रस्त्याकडून. प्रत्येक वेळी थोडे वाकून, मान तिरकी करून. रंगवलेला माणूस चारही वेळा त्यांच्याकडेच बघत होता. मोरूशेठनी मोबाईल काढून फोटो घेतला आणि तिथेच उभं राहून खोपोलीला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही, ही त्यांच्या आयुष्यातली पहिली वेळ असावी.

"बघितलंस?" ते मृणालीला म्हणाले.

"काका, मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझे गणपती सगळे दचकलेले दिसतात."

"उद्यापासून आखणी हिची. तू हिच्या शेजारी बस, दोन वर्षं बस. आणि उंदीर..."

"उंदीर मी करते," मृणाली इतक्या आनंदानं म्हणाली, की विमलबाईसुद्धा हसली.

सोमवारी मी ठेकेदारशेठना खरं सांगितलं. चूक माझी, बाईंची नाही, असं विठूच्या देखत, मोठ्या आवाजात. शेठ दोन मिनिटं माझ्या डिप्लोम्याबद्दल बोलले. मग ट्रॅकवरच्या त्या माणसाकडे बघत म्हणाले, "हा नकाशात नाही." मी म्हणालो, "नाही." त्यांनी फोटो काढून वर पाठवला. वरून अंगठा आला. तेव्हापासून तो नकाशात आहे असं धरून चालतात. विठूनं खरी गोष्ट जोह्याला नेली, पण ती रोह्याहून जेवढी निघाली तेवढीच पोचली. मोतीबिंदू बिचारा अजून हमरापुरात फिरतो.

राहता राहिला तो ब्रश. त्या रविवारी परतीच्या गाडीची वाट बघताना विमलबाईनं तो माझ्यापुढे धरला. टोक गेलं होतं, केस फाकून चहूकडे उभे राहिले होते. "नऊ सालं झाली याला," म्हणाली. "आता हा उंदराच्या शेपटीलाही चालायचा नाय. नवा तू द्यायचा."

"देतो ना मावशी. त्यात काय?"

त्यात बरंच काही आहे असं आता कळतंय. पहिला ब्रश मी पनवेलहून आणला. तिनं तो ओठांत धरून ओला केला, टोक काढलं, अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढली आणि परत दिला. "दाढीला ठेव." दुसरा मुंबईहून मागवला, डबीत, मखमलीवर. नखावर रेघ. "हा बरा हाय. जिन्याच्या कठड्याला." तिसरा ऑनलाइन आला. तो तिनं नखापर्यंतही नेला नाही. माघीचे राहिलेले गणपती तिनं शेजारच्या कारखान्यातला उसना ब्रश आणून उठवले, आणि त्या कारखान्यात सगळ्यांना सांगून आली, की माझा ब्रश पेणच्या एका इंजिनेरकडं हाय.

रोज सकाळी रोह्याला कामावर आलो की मी सायकल घेऊन ट्रॅकवर चक्कर मारतो. दहा आणि अकराच्या मध्ये आता गोंधळ होत नाही. माणसं त्याच्याकडे बघतात, तो माणसांकडे बघतो, सगळे उतरतात. फरझानाबी त्याला सलाम करून पुढे जातात. मीही उतरतो. पण मला असं वाटायला लागलंय, की तो माझ्याकडे जरा जास्त रोखून बघतो. परवा जोह्याला गेलो होतो तेव्हा विमलबाईला तसं बोललो.

ती एका झोपलेल्या मूर्तीसमोर बसली होती. मान न वळवता म्हणाली, "सगळ्यांकडं सारखाच बघतो तो. तुझ्याकडं थोडा जास्त. ब्रश आणलास काय?"